नवोदय निवड परीक्षा व यवतमाळ जिल्हा

ग्रामीण भागातील बुद्धिमान मुलांना उत्तम माध्यमिक शिक्षण विनामूल्य मिळावे, या हेतूने भारत सरकारने स्थापन केलेल्या जवाहर नवोदय विद्यालयांत इयत्ता सहावीत प्रवेश देण्यासाठी घेण्यात येणारी स्पर्धात्मक परीक्षा म्हणजे नवोदय निवड परीक्षा होय. पाचवीत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी ती जिल्हावार घेतली जाते. यवतमाळ जिल्ह्याचे नवोदय विद्यालय घाटंजी तालुक्यातील बेलोरा येथे आहे. एखाद्या मुलाच्या वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी दोन तासांच्या लेखी परीक्षेवरून त्याच्या पुढील सात वर्षांच्या शिक्षणाचा निर्णय करणारी ही पद्धती एकाएकी निर्माण झालेली नाही. तिच्यामागे वऱ्हाडातील जुनी शाळापद्धती, युरोपात उदयास आलेले बुद्धिमापनशास्त्र आणि स्वातंत्र्योत्तर काळातील शिष्यवृत्ती-योजना असे तीन प्रवाह आहेत. यवतमाळसारख्या विस्तीर्ण, कोरडवाहू व बहुभाषिक जिल्ह्यात या परीक्षेचा इतिहास हा वस्तुतः खेड्यातील प्राथमिक शाळा मुलाला काय देऊ शकली, याचाच इतिहास ठरतो.

पूर्वपीठिका : वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये हैदराबादच्या निजामाकडून ब्रिटिशांच्या प्रशासनाखाली आला. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा पूर्व भाग त्या काळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांतास जोडण्यात आला आणि १९०५ च्या पुनर्रचनेत पुसद हा भाग समाविष्ट होऊन यवतमाळ जिल्ह्याला त्याचे सध्याचे नाव मिळाले. या पुनर्रचनेपर्यंत वऱ्हाडातील शिक्षणाची मुख्य केंद्रे अमरावती व अकोला हीच होती. खेड्यात शाळा असली, तर ती ‘मराठी चौथी’पर्यंत असे. चौथी उत्तीर्ण होणे हा मुलाच्या आयुष्यातील पहिला टप्पा. त्यापुढे इंग्रजी शिकावयाचे, तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी राहणे भाग पडे.

या पद्धतीत औपचारिक निवड परीक्षा नसली, तरी निवड होतच असे. ज्याच्या कुटुंबाला मुलाचा परगावचा खर्च झेपे, ज्याचे नातलग शहरात असत किंवा ज्याला एखाद्या वसतिगृहात जागा मिळे, तोच पुढे जाई. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक (१९१३–७९) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पुसदजवळच्या गहुली या बंजारा तांड्यात जन्मलेल्या नाईकांना प्राथमिक शिक्षणासाठी परिसरातील निरनिराळ्या गावच्या शाळांत जावे लागले आणि पुढील शिक्षणासाठी अमरावती व नागपूर गाठावे लागले. ज्यांना असे जाणे शक्य झाले नाही, अशा त्यांच्या पिढीतील मुलांची नोंद कोठेही नाही. अंतर व पैसा हीच त्या काळातील खरी प्रवेशपरीक्षा होती, असे म्हणता येईल.

बुद्धिमापनाचा उदय : मुलाची कुवत लेखी अथवा तोंडी प्रश्नांनी मोजता येते, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बीने याने तेओदोर सीमाँ याच्या सहकार्याने १९०५ मध्ये पॅरिस येथे आपली पहिली बुद्धिमापनश्रेणी सिद्ध केली. तिचा मूळ हेतू हुशार मुले वेचून काढण्याचा नव्हता. सर्वसाधारण वर्गात ज्यांचा अभ्यास मागे पडतो, अशी मुले ओळखून त्यांना अधिक साहाय्य देता यावे, यासाठी ती तयार करण्यात आली होती. पुढे मात्र अशा कसोट्यांचा उपयोग प्रामुख्याने निवडीसाठी होऊ लागला. मराठी व कानडी मुलांसाठी बीनेच्या कसोट्यांचे भारतीय परिस्थितीस अनुरूप असे रूपांतर डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. त्यांचा यासंबंधीचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी मुलांच्या बुद्धिमापनाचा हा महत्त्वाचा शास्त्रशुद्ध प्रयत्न होय.

इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षणविषयक कायद्यानंतर अकराव्या वर्षी घेण्यात येणारी परीक्षा सर्वत्र रूढ झाली. तीत वरचे गुण मिळविणारी मुले ग्रामर स्कूलमध्ये व उरलेली बहुसंख्य मुले साध्या माध्यमिक शाळेत जात. शुल्क भरण्याची ऐपत नसलेल्या कामगारांच्या हुशार मुलांना या परीक्षेने उच्च शिक्षणाचा मार्ग खुला केला. तथापि सुशिक्षित व सधन घरांतील मुले तीत अधिक प्रमाणात यशस्वी होतात, अकराव्या वर्षी बसलेला अपयशाचा शिक्का पुढे पुसला जात नाही आणि तयारी करून घेतल्यास गुण वाढतात, असे आक्षेप लवकरच पुढे आले. १९६५ मध्ये ब्रिटिश सरकारने स्थानिक शिक्षणसंस्थांना सर्वांसाठी एकच माध्यमिक शाळा काढण्याची सूचना केली आणि बहुतेक परगण्यांत ही निवडपद्धती मागे पडली. आज इंग्लंडमध्ये सरकारी अनुदानावर चालणारी सुमारे १६३ ग्रामर स्कूले शिल्लक आहेत. नवोदय परीक्षेविषयी भारतात जी चर्चा झाली, तिच्यातील बहुतेक मुद्दे या इंग्लिश अनुभवात आधीच आढळतात.

यवतमाळच्या शेजारी, वर्धा नदीच्या पलीकडे, याच सुमारास एक वेगळा शैक्षणिक विचार मांडला गेला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारा मातृभाषेतून सर्वांना मोफत शिक्षण देण्याची कल्पना पुढे ठेवली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा तयार केला. नई तालीम या नावाने ती ओळखली जाते. या विचारात काही मुले निवडून त्यांना वेगळे शिक्षण देण्यास स्थान नव्हते. खेड्यातील प्रत्येक शाळाच चांगली झाली पाहिजे, हा तिचा आग्रह होता. निवडक मुलांसाठी उत्तम शाळा की सर्व मुलांसाठी पुरेशी चांगली शाळा, हा पेच तेव्हापासून भारतीय शिक्षणात कायम आहे.

महाराष्ट्रातील शिष्यवृत्ती परीक्षा व विद्यानिकेतने : मुंबई राज्यात १९५४–५५ पासून चौथी व सातवीच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती परीक्षा सुरू झाल्या. यवतमाळ जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात समाविष्ट झाला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली, त्यानंतर ही परीक्षा या जिल्ह्यातील शाळांच्या वार्षिक कार्यक्रमाचा भाग बनली. भाषा, गणित व बुद्धिमत्ता चाचणी हे तिचे प्रमुख घटक. शिष्यवृत्तीची रक्कम अल्प असली, तरी गावच्या शाळेतील मूल ‘स्कॉलरशिपला बसले’ आणि ‘स्कॉलरशिपमध्ये आले’ या गोष्टींना मोठी प्रतिष्ठा प्राप्त झाली. शाळा सुटल्यावर किंवा भरण्यापूर्वी शिष्यवृत्तीचे जादा तास घेण्याची शिक्षकांची प्रथा याच काळात रुजली. पुढील सर्व निवड परीक्षांच्या तयारीचा साचा तिनेच घालून दिला. २०१६–१७ पासून ही परीक्षा पाचवी व आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी घेण्यात येऊ लागली. २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी व सातवीकडे नेण्याचा निर्णय शासनाने घेतला.

शिष्यवृत्ती परीक्षेने गुणवंत मुले शोधली, पण त्यांच्यासाठी वेगळी शाळा नव्हती. ती उणीव दूर करण्याच्या हेतूने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, वसंतराव नाईक मुख्यमंत्री व मधुकरराव चौधरी शिक्षणमंत्री असताना, राज्य शासनाने निवासी विद्यानिकेतने काढली. अमरावती, औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) व पुसेगाव (जि. सातारा) येथील विद्यानिकेतने त्यांपैकी होत. खेड्यातील हुशार मुलांना ‘पब्लिक स्कूल’च्या तोडीचे शिक्षण मराठीतून मिळावे, ही त्यांमागील भूमिका होती. तत्पूर्वी २३ जून १९६१ रोजी सातारा येथे देशातील पहिली सैनिकी शाळा सुरू झाली होती व तिचाही प्रवेश स्पर्धा परीक्षेवर आधारलेला होता. यवतमाळच्या मुलांना सातारा फार दूर पडे. २०१९ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात सैनिकी शाळा स्थापन झाल्यावर ही अडचण बरीच कमी झाली.

याच काळात नेमलेल्या कोठारी आयोगाने (१९६४–६६) मात्र परिसरातील सर्व मुले एकाच शाळेत शिकतील, अशा समान शाळापद्धतीची शिफारस केली. आयोगाचे सदस्य-सचिव व मराठी शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी पुढे आपल्या लेखनात समता, गुणवत्ता व विस्तार या तीन उद्दिष्टांचा मेळ भारतीय शिक्षणाला घालता आलेला नाही, असे प्रतिपादन केले. विद्यानिकेतने व त्यानंतरची नवोदय विद्यालये ही गुणवत्तेच्या बाजूने टाकलेली पावले होती. समतेचा प्रश्न त्यांनी आरक्षण व विनामूल्य निवासाच्या द्वारा सोडविण्याचा प्रयत्न केला.

नवोदय योजना : राष्ट्रीय शिक्षण धोरण, १९८६ अन्वये प्रत्येक जिल्ह्यात एक गतिनिर्देशक निवासी विद्यालय स्थापन करण्याचे ठरले. त्यापूर्वीच १९८५–८६ मध्ये हरियाणातील झज्जर व महाराष्ट्रातील अमरावती या दोन ठिकाणी प्रायोगिक विद्यालये सुरू करण्यात आली होती. म्हणजे या देशव्यापी योजनेच्या पहिल्या दोन प्रयोगांपैकी एक यवतमाळच्या लगतच्या जिल्ह्यात, वऱ्हाडातच, झाला. विद्यालयांच्या व्यवस्थापनासाठी नवोदय विद्यालय समिती ही स्वायत्त संस्था १९८६ मध्ये स्थापन झाली. तमिळनाडूने भाषाविषयक धोरणामुळे ही योजना दीर्घकाळ स्वीकारली नाही. इतर राज्यांत तिचा विस्तार होत जाऊन मंजूर विद्यालयांची संख्या ६६१ झाली व डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी २८ विद्यालयांना संमती दिली.

या विद्यालयांत सहावी ते बारावीपर्यंत सहशिक्षण असून ती केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न आहेत. राहणे, जेवण, गणवेश व पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात. आरंभीच्या इयत्तांत शिक्षणाचे माध्यम प्रादेशिक भाषा असते, त्यानंतर गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि समाजशास्त्रे हिंदीतून शिकविली जातात. नववीतील सुमारे तीस टक्के विद्यार्थी एका वर्षासाठी हिंदीभाषक व अहिंदीभाषक प्रदेशांतील विद्यालयांमध्ये परस्परांकडे पाठविले जातात. जिल्हाधिकारी हे विद्यालयाच्या व्यवस्थापन समितीचे पदसिद्ध अध्यक्ष असतात.

यवतमाळ जिल्ह्यातील जागा : २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती व तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे साडेअठरा टक्के होते. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. पश्चिमेकडील पुसद-उमरखेडपासून पूर्वेकडील वणी-मारेगावपर्यंत पसरलेल्या या प्रदेशासाठी सहावीच्या प्रवेशाच्या जागा जास्तीत जास्त ८० आहेत, म्हणजे सरासरीने एका तालुक्याला पाच.

या ८० जागांची वाटणी नियमांनी बांधलेली आहे. किमान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात आणि त्यासाठी मुलाने तिसरी, चौथी व पाचवी या तिन्ही इयत्ता ग्रामीण शाळेत पूर्ण केलेल्या असाव्या लागतात. किमान एक-तृतीयांश जागा मुलींसाठी आहेत. अनुसूचित जाती व जमातींसाठी जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात, परंतु अनुक्रमे १५ व ७.५ टक्क्यांहून कमी नाही, असे आरक्षण आहे. दोन्ही मिळून त्याची कमाल मर्यादा ५० टक्के आहे. त्यानुसार स्थूलमानाने पाहता यवतमाळमध्ये अनुसूचित जमातींच्या वाट्यास सुमारे १५ व अनुसूचित जातींच्या वाट्यास सुमारे १२ जागा येतात. २०२१–२२ पासून इतर मागासवर्गीयांसाठी २७ टक्के आरक्षण लागू झाले. दिव्यांग मुलांसाठीही तरतूद आहे. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये गणला जातो, परंतु केंद्राच्या याद्यांमध्ये विमुक्तांसाठी वेगळे आरक्षण नसल्याने त्यांतील मुलांना इतर मागासवर्गीयांत स्पर्धा करावी लागते. पुसद, दिग्रस व महागाव परिसरातील तांड्यांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची ठरते.

अर्ज : प्रारंभीच्या काळात अर्जाचे छापील नमुने शाळा व गटशिक्षणाधिकारी कार्यालयांतून मिळत आणि मुख्याध्यापकाच्या सहीशिक्क्यानिशी तेथेच परत द्यावे लागत. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अर्ज ऑनलाइन भरण्याची पद्धती आली. अर्जासाठी शुल्क नाही. मुलाची माहिती, तो शिकत असलेल्या शाळेच्या मुख्याध्यापकाने प्रमाणित केलेला दाखला, छायाचित्र आणि मूल व पालक यांच्या स्वाक्षऱ्या अर्जाच्या वेळी लागतात. जातीचा दाखला, रहिवासी दाखला, जन्मतारखेचा पुरावा व ग्रामीण भागात शिकल्याचे प्रमाणपत्र यांची छाननी निवड झाल्यावर होते.

कागदावर सोपी दिसणारी ही प्रक्रिया प्रत्यक्षात अनेकदा शिक्षकावर येऊन पडते. शेतमजुरी करणाऱ्या किंवा हंगामात स्थलांतर करणाऱ्या पालकांना अर्जाची मुदत कळविणे, तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात जाऊन अर्ज भरणे, नावातील व जन्मतारखेतील तफावत दुरुस्त करून घेणे ही कामे सामान्यतः वर्गशिक्षकच करतो. जातीचा दाखला काढण्यासाठी लागणारे पूर्वजांचे जुने पुरावे अनेक आदिवासी व भटक्या कुटुंबांजवळ नसतात. त्यामुळे परीक्षेच्या खोलीत पोहोचण्यापूर्वीच काही मुले स्पर्धेबाहेर राहतात. एका मुलाला ही परीक्षा एकदाच देता येते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

परीक्षेचे स्वरूप : प्रश्नपत्रिका तयार करण्याचे काम आरंभी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे होते. पुढे परीक्षा घेण्याची जबाबदारी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाकडे आली. परीक्षा मराठीतून देता येते. दोन तासांच्या प्रश्नपत्रिकेत ८० वस्तुनिष्ठ प्रश्न व १०० गुण असतात. मानसिक क्षमता चाचणीत ४० प्रश्न व ५० गुण, अंकगणितात २० प्रश्न व २५ गुण आणि भाषेत २० प्रश्न व २५ गुण अशी विभागणी आहे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, मात्र तिन्ही विभागांत स्वतंत्रपणे पात्र ठरावे लागते.

मानसिक क्षमता चाचणी केवळ आकृत्यांवर आधारलेली असते. विसंगत आकृती ओळखणे, तंतोतंत जुळणारी आकृती शोधणे, अपूर्ण नमुना पूर्ण करणे, आकृत्यांची मालिका पुढे नेणे, आरशातील प्रतिमा ओळखणे, घडी घालून भोके पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल हे सांगणे, मोठ्या आकृतीत दडलेली लहान आकृती हुडकणे असे तिचे दहा भाग आहेत. ज्या मुलाच्या घरी पुस्तके नाहीत, त्यालाही शब्दांच्या मदतीवाचून आपली बुद्धी दाखविता यावी, हा आकृत्यांवर भर देण्यामागील विचार आहे. अंकगणितात पूर्णांक, अपूर्णांक, दशांश, लघुतम व महत्तम विभाज्य-विभाजक, नफा-तोटा, परिमिती-क्षेत्रफळ यांसारखे घटक येतात. भाषेच्या विभागात उतारे व त्यांवर आधारित प्रश्न असतात.

तयारी : आकृत्यांची चाचणी शिकवून येत नाही, अशी मूळ समजूत होती. अनुभव तसा नाही. आरशातील प्रतिमा किंवा कागदाची घडी यांसारखे प्रश्न मुलाने पूर्वी सोडविलेले असले, तर त्याचा वेग व अचूकता दोन्ही वाढतात. हे ध्यानात येताच मार्गदर्शक पुस्तके, सराव प्रश्नपत्रिका व खाजगी शिकवण्या यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. यवतमाळ, पुसद, वणी यांसारख्या शहरांत व मोठ्या गावांत नवोदयची वेगळी शिकवणी मिळू शकते. ग्रामीण जागांसाठी नाव खेड्यातील शाळेत ठेवून तयारी शहरात करून घेण्याचा प्रकारही अनेक ठिकाणी आढळतो. यामुळे ग्रामीण आरक्षणाचा मूळ हेतू काही अंशी विफल होतो.

याच्या उलट, जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत शिक्षकांनी स्वतःहून केलेली तयारी हा या इतिहासाचा उजळ भाग आहे. शाळा भरण्यापूर्वी तासभर मुलांना बसवून आकृत्यांचे प्रश्न फळ्यावर काढणे, सराव प्रश्नपत्रिकांच्या प्रती करून वाटणे, वर्तुळ भरण्याच्या उत्तरपत्रिकेचा सराव करून घेणे आणि परीक्षेच्या दिवशी मुलांना तालुक्याच्या केंद्रावर स्वतः घेऊन जाणे, हे काम अशा शिक्षकांच्या दिनक्रमाचाच भाग असते. एखाद्या शाळेतील एक मूल बेलोऱ्याला गेले की पुढील वर्षी पालक आपणहून चौकशी करू लागतात आणि पाचवीचा सगळा वर्ग अभ्यासाला लागतो. वर्गातील पंचवीस मुलांपैकी निवड एकाचीच झाली किंवा कोणाचीच झाली नाही, तरी अपूर्णांक व उताऱ्याचे वाचन त्या पंचविसांनाही पूर्वीपेक्षा चांगले येऊ लागते. परीक्षेचा हा अप्रत्यक्ष लाभ तिच्या प्रत्यक्ष निकालाहून कदाचित अधिक मोलाचा आहे.

भाषा व अंतर यांचे अडथळे : यवतमाळ जिल्ह्यात मराठीखेरीज गोंडी, कोलामी, बंजारा (गोरबोली), तेलुगू, उर्दू इ. भाषा बोलल्या जातात. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी इ. तालुक्यांत कोलामांची वस्ती आहे. शासनाने कोलाम जमातीचा समावेश विशेष दुर्बल आदिवासी गटांत केला आहे. कोलामांची वस्ती बहुधा गावाबाहेर स्वतंत्र असते व तिला ‘पोड’ म्हणतात. घरी कोलामी बोलणारे मूल शाळेत आल्यावरच मराठीशी परिचित होते. पाचव्या वर्षापर्यंत त्याचे मराठी वाचन मराठीभाषक मुलाच्या बरोबरीस आले नाही, तर भाषेच्या विभागात ते मागे पडते, आणि अंकगणितातील शाब्दिक उदाहरणांतही तेच घडते. आकृत्यांच्या विभागात चांगले गुण मिळूनही इतर दोन विभागांत पात्र न ठरल्यास निवड होत नाही. वस्तुतः येथे मोजली जाते ती बुद्धी नसून परकी भाषा आत्मसात करण्यासाठी मिळालेला अवधी होय.

दुसरी अडचण शाळेच्या रचनेतून येते. महाराष्ट्रात परंपरेने प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असे आणि पाचवीचा वर्ग वरिष्ठ प्राथमिक किंवा माध्यमिक शाळेस जोडलेला असे. बालकांच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानंतर (२००९) ही रचना बदलण्यास आरंभ झाला, तरी तांडे, पोड व लहान वस्त्या यांतील पुष्कळ शाळा चौथीपर्यंतच राहिल्या. अशा वस्तीतील मूल पाचवीसाठी दुसऱ्या गावच्या शाळेत किंवा आश्रमशाळेत जाते. नव्या शाळेत स्थिरावण्यापूर्वीच अर्जाची मुदत येते आणि साधारणतः जानेवारीच्या सुमारास परीक्षा होते. त्याला ओळखणारा जुना शिक्षक मागे राहिलेला असतो व नव्या शिक्षकाला त्याची कुवत अद्याप कळलेली नसते. जेथे पाचवी त्याच शाळेत आहे, तेथील मुलाला ही अडचण नसते. आदिवासी मुलांसाठी १९९७–९८ पासून सुरू झालेल्या एकलव्य आदर्श निवासी शाळांनी काही पर्याय उपलब्ध करून दिला आहे, परंतु त्यांचा प्रवेशही निवड परीक्षेनेच होतो.

मूल्यमापन : नवोदय योजनेवर आरंभापासून दोन्ही बाजूंनी मते व्यक्त झाली. राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा फेरविचार करणाऱ्या आचार्य राममूर्ती समितीने १९९० मध्ये या योजनेची परखड चिकित्सा केली. मूठभर मुलांवर होणारा खर्च सर्वसाधारण शाळांच्या सुधारणेसाठी वापरावा, असा टीकाकारांचा आग्रह होता. शिक्षणहक्काच्या कायद्याने प्रवेशासाठी मुलांची चाळणी करण्यास मनाई केली. नवोदय विद्यालये ही कायद्यात विशिष्ट वर्गातील शाळा म्हणून गणली गेली व त्यांची निवड परीक्षा चालू राहिली. त्यामुळे एकाच कायद्याच्या काळात गावच्या शाळेला कोणालाही नाकारता येत नाही आणि जिल्ह्याच्या सर्वोत्तम सरकारी शाळेत मात्र निवडीवाचून प्रवेश नाही, अशी स्थिती निर्माण झाली.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही दुर्लक्षण्याजोगा नाही. पावसावर अवलंबून असलेल्या कापसाच्या शेतीमुळे व १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळ जिल्हा देशभर चर्चेत आला. अशा जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या किंवा शेतमजुराच्या मुलीला सात वर्षे विनामूल्य निवास, प्रयोगशाळा, ग्रंथालय व क्रीडांगण उपलब्ध होणे, ही त्या कुटुंबाच्या दृष्टीने पिढीचा प्रवाह बदलणारी घटना ठरते. गहुलीच्या मुलाला पूर्वी जे नागपूरला जाऊन मिळवावे लागले, ते आता जिल्ह्यातच मिळू शकते आणि त्यासाठी घराण्याच्या ऐपतीची अट नाही. अंतर व पैसा यांनी होणारी जुनी निवड आणि लेखी परीक्षेने होणारी नवी निवड यांत नवी निवड निःसंशय अधिक न्याय्य आहे.

तथापि ती पूर्णतः न्याय्य आहे, असे म्हणता येणार नाही. परीक्षा सर्वांना सारखीच असली, तरी परीक्षेपर्यंतची पाच वर्षे सारखी नसतात. ज्या पोडावर एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो आणि ज्या गावात स्वतंत्र वर्गखोल्या व पुरेसे शिक्षक आहेत, तेथील मुले एकाच केंद्रावर शेजारी बसतात, एवढेच साम्य. निवडीची यादी दरवर्षी प्रसिद्ध होते आणि तिच्याकडे यशस्वी मुलांची यादी म्हणून पाहिले जाते. तिचे तालुकावार व शाळावार वाचन केल्यास, कोणत्या वस्तीतून वर्षानुवर्षे एकही मूल निवडले जात नाही, तेही तीत दिसू शकेल. बीनेने आपली कसोटी अधिक साहाय्याची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी तयार केली होती. त्याच हेतूने या परीक्षेचा निकाल वाचला गेला, तर जिल्ह्यातील कोणत्या शाळेला शिक्षक, पुस्तके व पाचवीचा वर्ग यांची सर्वाधिक निकड आहे, हे शासनाला व जिल्हा परिषदेला वेगळ्या पाहणीवाचून कळेल. ऐंशी मुलांची निवड हे या परीक्षेचे घोषित कार्य आहे. उरलेल्या हजारो मुलांच्या शाळांची स्थिती दाखवून देणे, हे तिचे अद्याप न वापरले गेलेले सामर्थ्य होय.